पुण्यातल्या एचआर सॉफ्टवेअरच्या जत्रेतून आल्यावर: हे गणित आहे का अंदाज?

गेल्या आठवड्यात पुण्याला एका एचआर टेक कॉन्फरन्सला जाऊन आलो. आमची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, कंपनीची आणि कंत्राटी धरून दोनशेच्या वर माणसं, आणि एचआर डिपार्टमेंट म्हणजे मी, टाईम ऑफिसचे काका आणि एक एक्सेलची फाईल. साहेब म्हणाले, "ते एआय-बिआय घ्यायचं का नाही, एकदा बघून ये." मग काय, पहाटेची एसटी धरली, दिवसभर एसी हॉलमध्ये गळ्यात पट्टा अडकवून हिंडलो, आणि रात्री परत येताना पिशवीत सात पेनं, एक पाण्याची बाटली आणि डझनभर माहितीपत्रकं. आल्यापासून जो तो विचारायलाय काय नवीन आलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी हे सॉफ्टवेअर मुळात करतं काय ते सांगतो, कारण स्टॉलवर कुणी ते सांगतच नाही, तिथं एकदम "एम्प्लॉयी एक्स्पिरियन्स"पासून सुरुवात. कुठल्याही कारखान्यात तीन वह्या असतात बघा. पहिली हजेरीचं मस्टर. दुसरी पगारपत्रक. आणि तिसरी साहेबांच्या डोक्यातली, कोण कामाचा, कोण नुसता हजर, कुणाला सुपरवायझर करायचं आणि कोण दिवाळीचा बोनस घेऊन जाणार. पहिलीत नोंद, दुसरीत हिशेब, तिसरीत मत. पहिल्या दोन वह्या कॉम्प्युटरनं कधीच घेतल्यात, इंग्लंडात लायन्स नावाच्या चहा-बेकरीवाल्या कंपनीनं स्वतःचा कॉम्प्युटर बांधून १९५१ साली तो बेकरीच्या हिशेबाला लावला आणि पुढं काही वर्षांत कामगारांचे पगारही त्याच्यावर काढले, म्हणजे हे सत्तर वर्षांचं जुनं काम आहे. वर्कडे, सॅप, ओरॅकल हे मोठ्या कंपन्यांचे, आपल्याकडं झोहो, केका, ग्रेटएचआर, डार्विनबॉक्स, सगळ्यांच्या एचआर सॉफ्टवेअरमध्ये या दोन वह्या असतातच. यंदा हॉलमध्ये जे मोठमोठ्या स्क्रीनवर विकायला मांडलेलं ते मात्र तिसऱ्या वहीचं होतं.

म्हणून मी दुपारनंतर प्रत्येक स्टॉलवर एकच प्रश्न विचारायला लागलो, हे तुमचं सॉफ्टवेअर गणित करतंय का अंदाज? काहीजण हसले, काहींनी "दोन्ही मॅडम" म्हणून सांगितलं, एकानं सीनियरला बोलावलं. प्रश्न खुळा वाटतो पण सगळी मेख तिथंच आहे. गणित म्हणजे नियम लिहून ठेवलेला, तोच इनपुट दिला की शंभर वेळा तेच उत्तर, चुकलं तर कुठल्या ओळीत चुकलं ते दाखवता येतं. अंदाज म्हणजे मागचं बघून पुढचं सांगणं, बहुतेक वेळा बरोबर, कधी चूक, आणि चुकलं तर का चुकलं ते विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

पहिल्या वहीपासून घेतो, कारण आमच्यासारख्यांचं घोडं तिथंच अडतं. हजेरी म्हणजे बोट ठेवलं की झालं असं पुण्यातल्या ऑफिसवाल्यांना वाटतं. आमच्या फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या खात्यात, या. कास्टिंगला ग्राइंडर मारून मारून माणसाच्या बोटाच्या रेषा झिजतात, त्यात वाळू, त्यात थंडीच्या दिवसांत कातडी फुटलेली, मशीन सकाळी सकाळी "पुन्हा प्रयत्न करा" म्हणत बसतं आणि मागं पन्नास माणसांची रांग. आमचे एक मामा आहेत, त्यांचं दहापैकी एक बोट लागतं, डाव्या हाताची करंगळी, आणि मशीन नवीन आणलं की आधी त्यांची करंगळी नोंदवून घ्यायची हे काकांनी ठरवूनच टाकलंय. आता चेहरा ओळखणारी मशीनं आलीत, खरंच बरी आहेत, हात लावायला लागत नाही, पण मशीन गेटवर कुठल्या दिशेला लावलंय ते बघा, सकाळचं ऊन थेट कॅमेऱ्यात आलं की तेही आंधळं.

दुसरी गंमत रात्रपाळीची. समजा एक मोल्डर, म्हणजे साचे करणारा कामगार, १२ तारखेला रात्री ११:२० ला आत आला आणि १३ ला सकाळी ७:३५ ला बाहेर पडला. ज्या सॉफ्टवेअरचा दिवस रात्री बाराला संपतो त्याला १२ तारखेला नुसता "इन" दिसतो आणि "आउट" सापडत नाही, झाला मिस पंच. इथवर ठीक, पण तोच माणूस १३ ला रात्री ११:२० ला परत आला की काही सॉफ्टवेअरं १३ चा सकाळचा पंच आणि रात्रीचा पंच यांची जोडी लावतात आणि सांगतात की हा गडी पावणेसोळा तास आत होता. बिचारा घरी झोपलेला. त्याचा वर ओव्हरटाईम निघतो, तो दुप्पट दरानं. हे कळण्यासाठी एआय लागत नाही, शिफ्टचा दिवस कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे सेटिंग नीट असावं लागतं. डेमो बघताना विकणारा कायम नऊ ते सहाचा माणूस दाखवतो, तुम्ही रात्रपाळीचा दाखवायला सांगा, चेहरे बघण्यासारखे होतात.

आता दुसरी वही, पगाराची. इथं यंदा खरी गडबड कायद्यामुळं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यांत गेले. त्यातली वेतनाची व्याख्या साध्या शब्दांत सांगतो. आपल्याकडं जुनी सवय काय, बेसिक कमी दाखवायचा आणि बाकी घरभाडं, कन्व्हेयन्स, हा भत्ता तो भत्ता, म्हणजे पीएफ-ग्रॅच्युइटी कमी बसते. नवा नियम म्हणतो, असले वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग परत वेतनात धरायचा. समजा एकूण ४०,००० रुपये, त्यात बेसिक-डीए १६,००० आणि भत्ते २४,०००. निम्मे म्हणजे २०,०००, भत्ते त्याच्यापेक्षा ४,००० नं जास्त, ते ४,००० परत आत, वेतन झालं २०,०००. पीएफ तुम्ही १५,००० च्या मर्यादेवरच भरत असाल तर तिथं काही हलत नाही, पण ग्रॅच्युइटी हलते. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे १६,००० वर वर्षाला ९,२३१ बसायची ती २०,००० वर ११,५३८ बसते. दहा वर्षं काम केलेल्या माणसामागं तेवीस हजारांचा फरक. दोनशे माणसं धरा आणि साहेबांना पाणी द्या.

अजून एक, माणूस सोडून गेला किंवा काढला की त्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. आमच्याकडं फुल अँड फायनल म्हणजे "पुढच्या महिन्याच्या पगारासोबत बघू" असं चालायचं. आता गेटपास, सेफ्टी शूज, कँटीनची बाकी, उरलेल्या रजा, सगळं दोन दिवसांत गोळा करून आकडा काढायचा तर कागदावर ते होणार नाही, आणि इथं सॉफ्टवेअर खरोखर कामाचं आहे हे मी पण मान्य करतो. मात्र हे सगळं गणित आहे, यात अंदाजाला तसूभर जागा नाही.

आणि नेमकं इथंच मला एक नमुना बघायला मिळाला.

एका स्टॉलवर चॅटबॉट होता, "मराठीत विचारा" म्हणून बोर्ड. मी टाईप केलं, "काल मी लेट आलो, हाफ डे लागला काय?" उत्तर आलं, "नमस्कार सर". आता मी बाई माणूस, पण आम्ही कोल्हापूरच्या पोरी "आलो, गेलो, खाल्लो"च म्हणतो, वाचणाऱ्यांपैकी पुण्याचे असतील त्यांना एव्हाना वाटलंच असेल हे कोणी दादा लिहितायत. स्टॉलवरची पोरगी ओशाळली, मी म्हटलं असू दे, आमच्या पाहुण्यांचंपण असंच होतं. मग खरा प्रश्न टाकला. एका कामगाराचा पगार २०,५०० होता, जुलैत वाढून २२,००० झाला, ऑगस्टमध्ये ईएसआय, म्हणजे कामगारांच्या आजारपणाच्या सरकारी विम्याचा हप्ता, कापायचा का? बॉटनं सेकंदात लई आत्मविश्वासानं सांगितलं, मर्यादा २१,००० आहे, पगार त्याच्या वर गेला, आता कापायचा नाही.

चूक. ईएसआयचे वर्षात दोन कालखंड असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंडाच्या मधे पगार मर्यादेच्या वर गेला तरी तो कालखंड संपेपर्यंत कपात चालू ठेवायची, म्हणजे या माणसाचे सप्टेंबरअखेरपर्यंत महिन्याला २२,००० वर ०.७५ टक्के, १६५ रुपये कापायचे आणि कंपनीनं आपले ३.२५ टक्के घालायचे. बॉट असं का बोलला? कारण तो हिशेब करतच नाही. असल्या भाषेच्या मॉडेलला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो आणि पुढं कुठले शब्द शोभतील ते लावत जाणं हे त्याचं काम. "ईएसआय" आणि "२१,०००" हे दोन शब्द शंभर ठिकाणी एकत्र येतात, कालखंडाची भानगड दहा ठिकाणी, मग वजन तिकडं पडतं. वाक्य सुबक येतं, त्यामुळं चूकपण सुबक दिसते. आमचे काका चुकले की निदान डोकं खाजवतात, त्यावरून कळतं.

सगळे वाईट आहेत असं नाही. दोन स्टॉल पुढं एकानं नीट रचना केलेली. तिथं मॉडेल नुसतं प्रश्न समजून घेतं, "माझा पगार कमी का आला" असं कुणी आपल्या भाषेत विचारलं की ते पगाराच्या इंजिनाकडं जातं, तिथून आकडे आणतं आणि मराठीत सांगतं की दोन दिवस बिनपगारी लागले आणि व्यवसाय कर फेब्रुवारी असल्यामुळं २०० ऐवजी ३०० गेला. आकडा गणिताचा, बोलणं मॉडेलचं. अशी विभागणी असेल तर मला चालेल, महिन्याच्या सात तारखेला माझ्या खिडकीपुढची रांग तरी निम्मी होईल.

यंदाचा सगळ्यात मोठा शब्द "एजंट". प्रत्येक पडद्यावर एजंट, म्हटलं इन्शुरन्सचे आलेत का काय. तर चॅटबॉट आणि एजंट यांत फरक एवढाच की चॅटबॉट सांगतो आणि एजंट करतो. रजा मंजूर करणं, पत्र काढणं, नवीन माणसाची नोंद करणं, पगाराच्या फाईलीत बदल करणं. थोडक्यात अंदाज करणाऱ्याच्या हातात कपाटाच्या चाव्या. मुलाखतीची वेळ ठरवायला, कागद राहिलेत म्हणून आठवण करायला बिनधास्त द्या. पण पगारातला बदल आणि माणूस कमी करणं या दोन चाव्या माझ्याच कमरेला राहणार, आणि कुणी काय बदललं, कधी बदललं याची नोंद पुसता येणार नाही अशी हवी.

बाकी काही शब्दांना घाबरू नका. "स्किल इंटेलिजन्स" म्हणजे आपल्या शॉपमध्ये भिंतीवर लावलेलं स्किल मॅट्रिक्स, कुणाला कुठलं काम येतं त्याचा तक्ता, ऑडिटच्या आदल्या दिवशी भरतो तेच. "अर्न्ड वेज ॲक्सेस" म्हणजे उचल! खरंच, फक्त ॲपवरून, आणि बऱ्याच ठिकाणी वर फी लावून. आमच्या कंत्राटदाराला सांगितलं तर म्हणाला, म्हणजे मी वीस वर्षं फिनटेकमध्ये आहे की.

आता तिसरी वही, मताची. इथं माझा जीव खरा अडकलाय.

भरतीचं घ्या. अर्ज पाचशे आले, सॉफ्टवेअर त्यातले वीस काढून देतं, ऐकायला बरं वाटतं. ॲमेझॉननं २०१४ पासून असलं टूल बनवायला घेतलेलं. आधीच्या दहा वर्षांत आलेले अर्ज त्याला शिकवायला दिले, आणि ते अर्ज बहुतेक पुरुषांचे होते, मग मशीन शिकलं की पुरुष बरा. महिला बुद्धिबळ क्लबची कॅप्टन असं कुणी लिहिलं की "महिला" या शब्दापायीच गुण कमी. कंपनीनं ते बंद केलं, २०१८ मध्ये रॉयटर्सनं बातमी दिली. कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं, जुनी वहीच तशी होती.

हे ऐकताना मला सारखे शाहू महाराज आठवत होते. २६ जुलै १९०२ ला महाराजांनी हुकूम काढला की करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गातल्या लोकांनी भरायच्या. आता कल्पना करा, त्या दिवशी दरबारात असलं एक मशीन असतं आणि त्याला संस्थानच्या जुन्या नोकरांची यादी शिकवली असती, तर त्यानं काय सल्ला दिला असता? जे आजवर होते तसलेच घ्या, तेच टिकतात, तेच काम जाणतात. पुराव्यासकट सांगितलं असतं, टक्केवारीसकट. जुन्या वहीतून जुनंच बाहेर येतं. महाराजांचा हुकूम त्या वहीत कुठंच नव्हता.

तसंच ते "कोण नोकरी सोडणार" सांगणारं. एकानं मला ग्राफ दाखवला, लाल ठिपका म्हणजे जाणार, हिरवा म्हणजे राहणार. विचारलं कशावरून, तर हजेरीवरून. मी म्हटलं आमची ऑगस्ट २०१९ ची आणि जुलै २०२१ ची हजेरी घाला. दोन्ही वेळा पंचगंगेच्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलेलं, रस्ता बंद, अर्धी माणसं गावात अडकलेली, काहीजण तर दुसऱ्यांची जनावरं काढत होते. मस्टरवर सगळ्यांचं "ए". ए म्हणजे ॲबसेंट एवढंच मशीनला माहिती, त्या ए च्या मागं पूर आहे, जोतिबाची यात्रा आहे का भाताची रोपलागण आहे हे कुठल्या रकान्यात लिहिलंय? काकांना विचारलं तर ते चहा पिता पिता सांगतात कोण जाणार, कारण कुणाचं घर कुठं बांधायला निघालंय आणि कुणाचा मेहुणा पुण्यात सुपरवायझर झालाय हे त्यांना ठाऊक असतं.

एक स्टॉल तर व्हिडिओ मुलाखतीत चेहरा बघून आत्मविश्वास मोजून देत होता. युरोपच्या एआय कायद्यानं कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना मशीननं ताडण्यावर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच घातलीय, आणि भरतीतल्या एआयला जास्त जोखमीच्या यादीत टाकलंय. आपल्याकडं तसला कायदा नाही. आपला वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत, दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळं चेहऱ्याचं मशीन घेताना विचारा, चेहरे साठवताय कुठं, आणि माणूस सोडून गेला की पुसताय कधी. मी विचारलं तेव्हा तिघांपैकी एकालाच सांगता आलं.

भावाचंही सांगून टाकतो. बहुतेकजण माणशी दरमहा दर लावतात. स्वस्त वाटतो. पण कंत्राटी माणूस महिन्यात एक दिवस येऊन गेला तर तो अख्खा मोजणार का, ते कागदावर घ्या. आणि उद्या तुम्हाला सोडायचं झालं तर दहा वर्षांची हजेरी कुठल्या स्वरूपात परत देणार तेही. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत क्रोनॉस या हजेरी-पगाराच्या क्लाउड सेवेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांचा, हल्ला झाला, कित्येक आठवडे सेवा बंद, अनेक ठिकाणी कुणी किती तास काम केलं तेच कळेना, मग मागच्या पगाराएवढाच पगार पुन्हा देऊन वेळ मारून नेली. काका दर शनिवारी हजेरीची प्रिंट काढून फाईलला लावतात, मी त्यांना हसायचो, आता हसणार नाही.

तर साहेबांना सांगण्याआधी मी एक काम केलं. दोन विकणाऱ्यांना आमचा गेल्या सप्टेंबरचा कच्चा डेटा दिला, नावं काढून, नुसते टोकन नंबर, आणि म्हटलं पगार काढून दाखवा, माझ्या एक्सेलशी रुपया-रुपया जुळला पाहिजे. एकाचा रात्रपाळीलाच गाडा अडकला, पावणेसोळा तासांचे तीन गडी निघाले, त्याला नमस्कार सांगितला. दुसऱ्याचं जवळजवळ सगळं जुळलं, दोन टोकन सोडून. त्या दोघांच्या पगारात त्यांनी ईएसआय कापलेला आणि माझ्या एक्सेलमध्ये शून्य.

मी फोन करून भांडायच्या तयारीत, म्हणून आधी दोघांची कार्डं काढली. दोघांचीही वाढ जुलैत. दोघंही एप्रिलपासून ईएसआयमध्ये. पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआय शून्य, असा फॉर्म्युला त्या रकान्यात, आणि तो २०१९ साली मीच लिहिलेला. नियम तोंडपाठ, वर्षात दोन कालखंड हे कुणालाही झोपेतून उठून सांगेन, आणि फाईलमध्ये ते घालायचंच राहिलं. बॉटनं केलेली चूक मी सहा वर्षं करतोय आणि कुणी विचारलं नाही कारण उत्तर सुबक येत होतं. कामगाराचा राहिलेला वाटा मागाहून त्याच्या पगारातून कापता येत नाही, तो कंपनीच्याच अंगावर. साहेबांकडं रिपोर्ट उद्या जाईल, आज मागच्या सगळ्या वर्षांच्या फायली काढून बसलोय, जुलैच्या वाढीवाले कोण कोण होते ते शोधत, आणि त्यावरचं १२ टक्क्यांचं व्याज काकांना हातानं काढायला सांगितलंय.